उभ्या बायकांचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे, आणि मला राग आलेला आहे.

जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. छत्री म्हणते, माझी काडी मोडली. कंदील म्हणतो, माझी काच तडकली. माझं तसं काही गाऱ्हाणं नाही. माझे चारही पाय शाबूत आहेत. माझा राग आहे तो दुसऱ्यांच्या पायांवरून.

मला एका सुताराने बनवलं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चाले. सगळीकडे भुसा, सरसाचा वास आणि कोपऱ्यात झोपलेलं मांजर. सुतार घाईचा माणूस नव्हता. पाय कापून झाले की तो ते फरशीवर उभे करायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. एखादा केसभर लांब निघाला, तर "लंगडा आहे लेकाचा" म्हणत पुन्हा रंधा मारायचा. माझी बैठक त्याने मधोमध किंचित खोलगट कोरली. त्याची बायको म्हणाली, "एवढं काय कोरत बसलात? सपाट फळी ठोका आणि मोकळे व्हा."

"माणूस काय सपाट असतं का गं?" सुतार म्हणाला.

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याने तिलाच माझ्यावर बसवलं. बाई चांगली अंगापिंडाने भरलेली होती. मी हूं की चूं केलं नाही. "हे आता जन्मभर कुणाला पडू देणार नाही," असं म्हणून त्याने माझ्या बैठकीवर थाप मारली. चाकूला कापता येतं, दिव्याला जळता येतं, मला माणसाचा भार घेता येतो. मला दुसरं काही येत नाही, आणि त्याची मला कधी लाजही वाटली नाही.

मग मला एका मोठ्या कापडदुकानात आणलं. काचेचं दार, आत थंडगार हवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत काउंटर. काउंटरमागे भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर तागेच तागे. एका बाजूला पडद्यांची कापडं, दुसऱ्या बाजूला चादरी. मला मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं. काउंटरमागे बायका उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, चला, आपली माणसं भेटली. आता यांना आपली सोबत.

कुठलं काय!

त्या दुकानात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण भिंतीपेक्षा पक्का होता. काउंटरमागच्या बाईने बसायचं नाही. दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत नाही. गिऱ्हाईक असो की नसो, नाही. भिंतीला टेकायचंसुद्धा नाही. मालक म्हणत, "बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, इथे धंदा नाही." एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला मोकळीक होती. एवढीच काय ती मेहेरबानी.

मग माझं काय काम? सांगतो. वरच्या फळीवरचा तागा काढायला माझ्यावर चढत. उकाड्याच्या दिवसांत माझ्यावर पंखा ठेवत. मालक आले की माझ्यावर पाय ठेवत. आणि काही महिने तर दर्शनी काचेमागे माझ्यावर एक प्लॅस्टिकचा पुतळा बसवला होता, नव्या सुटाची जाहिरात म्हणून. मित्रांनो, नीट ऐका. त्या दुकानात पुतळ्याला बसायची परवानगी होती. जिवंत बाईला नव्हती!

नियम पाळला जातो की नाही हे बघायला मालकांचा मेहुणा नेमला होता. मालकांच्या बायकोचा भाऊ असणं हेच त्याचं शिक्षण आणि हाच त्याचा अनुभव. माळ्यावरच्या काचेच्या खोलीत तो कॅमेऱ्यांची चित्रं बघत बसायचा. बसायचा, बरं का! चाकांच्या, पाठ टेकायच्या, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर. आणि तिथून माइकवर त्याचा आवाज यायचा, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असा: "पडदे विभाग, सरळ उभ्या राहा."

माझी उंची माणसाच्या गुडघ्याएवढी. त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखतो. सकाळी त्या बायकांचे पाय बायकांच्या पायांसारखे असत. दुपारी चपलांचे पट्टे मांसात रुतू लागत. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. पोटऱ्यांवर निळ्या शिरा तट्ट फुगलेल्या, जणू कुणी आतून गाठी मारल्यात. पाणी त्या जवळजवळ पीतच नसत. कारण संडास मागच्या गल्लीत, आणि तिथे जायचं तर माळ्याकडे बघून हात वर करायचा. मग माइक विचारायचा, "आत्ताच जाऊन आलात ना?" गिऱ्हाइकं वळून बघत. असं झाल्यावर कोण पिणार पाणी? दुखणी अंगावर काढत, जळजळ सोसत त्या उभ्या राहत आणि तोंडाने म्हणत, "या ना, फिकट रंगातलं दाखवू?"

त्या बायकांमध्ये दोन जावा होत्या. थोरली पडद्यांच्या काउंटरला, धाकटी चादरींच्या. थोरली उंच, हाडापेराने मजबूत आणि तोंडाची फटकळ. तिच्या मनात आलेलं ओठावर यायला वाट बघावी लागत नसे. धाकटी चणीने लहान, मिटल्या तोंडाची, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. कोणाचा पाय लचकलाय, कोण सकाळपासून उपाशी आहे, हे तिला आधी कळे.

बायकांनी त्या नियमाला एक फट शोधली होती. काउंटरचा सगळ्यात खालचा कप्पा आवरायचा तर उकिडवं बसावं लागे, आणि तिथवर कॅमेरा पोचत नसे. म्हणून त्या आळीपाळीने खालचा कप्पा आवरायला जात. जगाच्या पाठीवर इतका नीटनेटका कप्पा दुसरा नसेल.

"जा, खालचा कप्पा लावून ये," थोरली म्हणायची.

"आत्ता तर लावला, जाऊबाई."

"मग विस्कट आणि पुन्हा लाव!"

दोघी तोंडावर हात ठेवून हसत. मी दोन हातांवर रिकामा उभा असे, आणि त्या माझ्यासमोर फरशीवर उकिडव्या बसून हसत. मला तेव्हा रागापेक्षा लाजच जास्त वाटे.

राग नंतर आला. धाकटीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, सलग उभी राहू नकोस, मधेमधे बसत जा. धाकटी धीर करून माळ्यावर गेली. मेहुणा खुर्ची फिरवत म्हणाला, "हे दुकान आहे बाई, दवाखाना नाही. बसायचंच असेल तर घरी बसा. जन्मभर बसा, आम्ही कुठे नको म्हणतोय?" धाकटी खाली आली आणि आपल्या जागी उभी राहिली. घरी बसून त्यांच्या घरातलं भागणारं नव्हतं.

गर्दीचे दिवस होते. एक गिऱ्हाईक बाई कडेवरच्या गुबगुबीत बाळाला घेऊन आली आणि माझ्यावर बसली. तिच्यावर माझा राग नाही, तिचेही हात भरून आले असतील. पण ती म्हणत राहिली, "अजून दाखवा ना. याच निळ्यात जरा फिकं." धाकटी चादरी काढत राहिली, उलगडत राहिली, घड्या घालत राहिली. तिचे पाय थरथरताना मला दिसत होते. मला दिसत होते, मित्रांनो! आणि मी काय करू शकत होतो? स्टुलाला आपणहून कुणाच्या खाली सरकता येत नाही. धाकटी वरचा तागा घेऊन वळली आणि तशीच कोसळली. तागा तिच्या हातातून सुटून गडगडत, उलगडत थेट दारापर्यंत गेला.

त्या वर्षी त्या घरात पाळणा हलला नाही.

थोड्याच दिवसांत धाकटी कामावर परत आली. तोंड पांढरंफटक. पहिल्याच दुपारी माइक बोलला: "चादर विभाग, चेहरा हसरा ठेवा."

लाकडाला राग येतो का, असं तुम्ही विचाराल. माझ्यावर कुणी बसलेलं नव्हतं, कसलाही भार नव्हता, तरी त्या दुपारी मी करकरलो. थोरलीने चमकून माझ्याकडे पाहिलं होतं.

पुढे वर्ष सरलं. एका सकाळी पडद्यांच्या नमुन्यांआड धाकटीने थोरलीच्या कानात काहीतरी सांगितलं. दुसरी कोणी असती तर आनंदाने ओरडली असती. थोरली ओरडली नाही. तिने विचारलं, "कितवा?"

"तिसरा लागलाय."

"या खेपेला तू बसायचंस."

"आणि नोकरी?"

"नोकरी गेली चुलीत!"

"चूल पेटायला तर हवी ना, जाऊबाई," धाकटी हळूच म्हणाली.

थोरली गप्प झाली. तिला गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पण दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा ती सरळ मधल्या जागेत आली, मला एका हाताने उचललं आणि चादरींच्या काउंटरमागे नेऊन ठेवलं. धाकटीचे दोन्ही खांदे धरून तिने तिला खाली बसवलं.

लगेच माइक खरखरला. "चादर विभाग! उभ्या राहा!"

धाकटी अर्धवट उठली. थोरलीने खांदा दाबला.

"चादर विभाग, ऐकू येत नाही का?"

"येतंय!" थोरली माळ्याकडे बघून ओरडली. "दुकानात एक गिऱ्हाईक दाखवा, लगेच उठते ती!"

मेहुणा जिना उतरून आला. त्याचे चकचकीत बूट माझ्यापुढे थांबले. त्याने आधी धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मला वाटतं, बायकांशी बोलण्यापेक्षा लाकडाशी भांडणं त्याला सोपं वाटलं असावं.

"उठा," तो म्हणाला. धाकटी उठली. "हे स्टूलच नको इथे. मूळच उपटून टाकतो. स्टूल नाही, म्हणजे बसायची भानगडच नाही." त्याने माझा पाय धरून मला उचललं, खांद्याने काचेचं दार ढकललं आणि मला बाहेर भिरकावून दिलं. मी पदपथावर आपटलो, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि गटाराच्या काठाशी उताणा पडलो. माझ्या बैठकीच्या कडेचा टवका उडाला. अजूनही दिसतो तो, हात लावून बघा.

पण त्या शहाण्याच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्याचा नियम दुकानाच्या आत होता. मला त्याने स्वतःच्या हाताने नियमाच्या बाहेर नेऊन टाकलं होतं!

थोरलीच्या ते बरोबर ध्यानात आलं. ती दार उघडून बाहेर आली, मला सरळ केलं, हाताने झटकलं आणि बरोबर दुकानाच्या दारासमोर, काचेतून साऱ्यांना दिसेल असं मांडलं. मग आत बघून तिने हाक मारली, "ये गं. इथे बस. इथे वारापण लागतो."

धाकटी दारात अडखळली. तिने एकदा माळ्याकडे पाहिलं. मग पोटावर हात ठेवून ती बाहेर आली आणि माझ्यावर बसली.

किती हलकी होती ती! सुताराच्या बायकोच्या निम्मीसुद्धा नसेल. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ज्याला गरज होती असं माणूस माझ्यावर निवांत बसलं होतं. आणि एक नव्हे, दोन. तिने चपला काढल्या. पट्ट्यांचे लाल वळ पायांवर उठले होते. ती रडली नाही. तिने नुसता श्वास सोडला, लांब, जसा काही ती तो वर्षभर धरून बसली होती.

आतल्या बायका काचेतून बघत होत्या. आधी एक बाहेर आली, मग दुसरी. मग पडदे विभाग, चादर विभाग, वरच्या मजल्यावरच्या, सगळ्या. कुणी पायरीवर बसलं, कुणी खोक्याच्या पुठ्ठ्यावर, कुणी नुसतीच जमिनीवर. मेहुणा दारात येऊन ओरडला, "आत या, नाहीतर कायमच्या बाहेर!"

"तेवढा माइक आणायला विसरलात की," थोरली म्हणाली. बायका खो खो हसल्या. त्या दिवशी त्या आत गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथे येऊन बसल्या, आणि दुपारी काठी टेकत एक म्हातारी आली. दोघी जावांची सासू. थोरली मला हळूच सांगावं तशी पुटपुटली, "आता आली का पंचाईत!" कारण सासू म्हणजे जहाल बाई. जन्मभर तिने एका लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली होती; तिच्या गुडघ्यांचा कधीच भुगा झाला होता.

"दोन्ही सुना रस्त्यावर बसल्या!" तिने लांबूनच सुरुवात केली. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत! आम्ही नाही का राबलो? आम्ही मेलो का उभं राहून?"

मेहुण्याला वाटलं, देवच पावला. तो लगबगीने पुढे आला. "बघा ना आजी. तुम्हीच समजवा यांना."

सासूने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू कोण रे?"

"मी मालकांचा मेहुणा."

"ते नातं झालं. काम काय करतोस?"

बघ्यांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मेहुणा म्हणाला, "मी सगळ्यांवर लक्ष ठेवतो."

"उभ्याने की बसून?"

 सासूची नजर धाकटीच्या अनवाणी पायांवर गेली, त्या वळांवर गेली आणि तिथेच थांबली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा भयंकर होता. "माझं एक नातवंड तुझ्या चादरींच्या ढिगात गेलं. तेव्हा कुठे होतं रे तुझं लक्ष?"

 मेहुणा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. सासूने काठी थोरलीच्या हातात दिली आणि म्हणाली, "सरक. गुडघे दुखतात माझे." ती पायरीवर बसली ती रोज येऊन बसू लागली.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण एका स्टुलावर बसण्याचा हक्क मिळायला किती हेलपाटे घालावे लागतात, हे ऐकलंत तर तुम्हालाही राग येईल. या कचेरीतून त्या कचेरीत. तिथेही बायकांना कुणी बसा म्हणत नसे. दाराबाहेर भिंतीशी उभं राहायचं. म्हणून थोरली मला बगलेत मारून नेऊ लागली. शिपाई म्हणे, "हे काय आणलंत?" ती म्हणे, "आमची बसायची सोय. तुमची नाही ना, म्हणून आमची." धाकटीला बसवून ती शेजारी उभी राही. लोक त्यांना स्टूलवाल्या बायका म्हणू लागले. आधी हसण्यावारी, मग नुसतं नाव म्हणून.

एका अधिकाऱ्याने त्यांची मागणी ऐकली आणि तो कारकुनाकडे बघून हसला. "बसण्यासाठी भांडण! उद्या झोपायला गादी मागाल."

थोरली म्हणाली, "साहेब, एक विनंती आहे. आमचं बोलून होईपर्यंत तुम्ही जरा उभे राहाल?"

गंमत म्हणून तो उभा राहिला. थोरलीने सावकाश सुरुवात केली. दुकान कुठे आहे, कधी उघडतं, दाराची काच कशी पुसतात, तागे कोणत्या बाजूने लावतात. साहेबांनी भार या पायावरून त्या पायावर घेतला. मग एक हात टेबलावर टेकला. थोरली पंख्याबद्दल बोलत होती. साहेब खुर्चीत बसले.

"बघा साहेब," थोरली म्हणाली, "आम्ही अजून मुद्द्यावर आलोच नव्हतो."

या वेळी कारकून हसला. साहेब नाही हसले, पण त्यांनी समोरच्या खुर्च्या बायकांपुढे सरकवायला लावल्या आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकलं.

तरी महिने गेले. घराघरांत तेल-मीठ पुरवून पुरवून वापरलं गेलं. काहींचे नवरे म्हणत, "बसायची हौस फिटली का?" काही बायका मान खाली घालून दुकानात परत गेल्या. थोरली त्यांना एका शब्दाने बोलली नाही, आणि ती न बोलणारी बाई नव्हे हे तुम्हाला माहीत आहे. उलट इतर दुकानांतल्या बायका येऊ लागल्या. चपलांच्या दुकानातल्या, भांड्यांच्या, औषधांच्या. कुणाच्या पायाला पट्ट्या बांधलेल्या, कुणाचं मूत्रपिंड बिघडलेलं. मी त्यांचे पाय बघत होतो. वेगवेगळी दुकानं, पण शिरा त्याच.

धाकटी या साऱ्या काळात बसून होती. हट्टाने बसून होती. सासू तिला उठूच देत नसे. आणि एका पहाटे तिला मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची. थोरली सकाळी मला उचलायला आली तेव्हा तिने मला बगलेत मारलं नाही. दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या टवका उडालेल्या कडेवरून हात फिरवला.

त्यानंतर बऱ्याच काळाने नियम झाला. लिहिलेला, शिक्क्याचा नियम. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा द्यायची, बसू द्यायचं, पाणी आणि संडास जवळ ठेवायचा. ज्यांना कामावरून काढलं होतं, त्यांना परत घ्यायचं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि आमचे मालक! त्यांनी रंगीत नवी स्टुलं आणली, फोटो काढणारा बोलावला आणि त्याच्यासमोर म्हणाले, "आम्ही कामगारांना पहिल्यापासून घरचेच मानत आलोय."

घरचे! आपल्या घरच्यांना कोणी असं उभं ठेवतं?

माझं मात्र नशीब फळफळलं. बायकांनी आपली संघटना काढली, एक छोटा हॉल भाड्याने घेतला, मला पॉलिश केलं आणि एका चौथऱ्यावर मांडलं. भोवती दोरी. पुढे पाटी: "लढ्याचं ऐतिहासिक स्टूल. कृपया बसू नये."

मित्रांनो, हसू नका. इतकं रामायण झालं, आणि पुन्हा माझ्यावर बसायला मनाई. येणारेजाणारे हात जोडत, माझ्याबरोबर फोटो काढत. मी दोरीआड करकरत होतो.

एकदा हॉलमध्ये मोठी सभा होती. खुर्च्या पाहुण्यांनी भरलेल्या. थोरली आता संघटनेची अध्यक्ष. ती तावातावाने बोलत होती: "बसणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे!" टाळ्या पडल्या. आणि मला दाराशी दोन पाय दिसले. हॉल झाडणारी बाई. तिने पहाटेपासून हॉल झाडला, पुसला, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि आता सभा संपायची वाट बघत, फरशी पुसायचं फडकं हातात घेऊन ती भिंतीशी उभी होती. घोटे सुजलेले. बसण्याच्या हक्काचं भाषण ती उभ्याने ऐकत होती, आणि साऱ्या हॉलमध्ये ते कुणाच्याही ध्यानात येत नव्हतं. थोरलीच्याही नाही. मालकावर रागावणं सोपं होतं. त्या दिवशी मला आपल्याच माणसांचा राग आला, आणि तो फार कडू असतो.

धाकटी पहिल्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मागे वळून पाहिलं. तिच्या नजरेतून सुटत नाही, हे मी सांगितलंच आहे. तिने लेकीला सासूच्या मांडीवर दिलं, सरळ चौथऱ्यापाशी आली, दोरी उचलली आणि मला खाली घेतलं.

माइकवरची थोरली थांबली. "अगं, काय चाललंय तुझं?"

"तुमचं भाषण ऐकतेय, जाऊबाई," धाकटी म्हणाली. तिने मला दाराशी नेऊन ठेवलं. "बसा, मावशी."

"नको ताई," ती बाई घाबरून म्हणाली, "बसू नये म्हणून पाटी आहे."

"पाटी असू दे. पाय तुमचे आहेत. बसा."

मावशी इकडेतिकडे बघत, अगदी कडेवर टेकली. मग हळूहळू मागे सरकली. तिचा भार माझ्यावर आला.

 थोरलीचा चेहरा लाल झाला होता. "ती पाटी कुणी लावली?" तिने दरडावून विचारलं.

चिटणीस बाई उठून म्हणाल्या, "तुम्हीच लावायला सांगितली होती."

पहिली हसली ती सासू. मग साऱ्या. थोरलीलाही हसू आवरेना, पण तिचे डोळे भरले होते. ती खाली उतरली, पाटी उपटली आणि गुडघ्यावर मोडायला गेली. मोडेना; चांगल्या लाकडाची होती. मग तिने ती हॉलच्या सतत आपटणाऱ्या दाराखाली पाचर म्हणून सरकवली. "भाषण संपलं," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही बसा. आज फरशी मी पुसते." आणि तिने पुसली. कोपरे राहिले, तर मावशीने बसल्या जागेवरून बोट करून दाखवले.

आता मी दाराशीच असतो. जो दमेल तो बसतो. संध्याकाळी दुकानांतल्या बायका येतात आणि सांगतात, त्यावरून मला कळतं की सगळं संपलेलं नाही. एका दुकानात नवी स्टुलं आहेत, पण त्यांच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढायला बंदी आहे. दुसरीकडे ती माळ्यावर ठेवलीत आणि तपासणी आली की खाली येतात. तिसरीकडे मालक म्हणतो, "बसा की, कोण नको म्हणतंय?" आणि बसलेली बाई पुढच्या महिन्यात कामावर दिसत नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही. तो मी जाऊ देणारही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. मला जपू नका. मी झिजायलाच बनलोय. माझी विनवणी वेगळी आहे. उद्या आईबाबांबरोबर एखाद्या दुकानात जाल. मांडलेल्या रंगीबेरंगी कापडांकडे, खेळण्यांकडे, बुटांकडे तुमची नजर जाईल. त्याआधी क्षणभर काउंटरच्या पलीकडे खाली बघा. तुम्हाला सामान दाखवणाऱ्या त्या ताईचे पाय बघा. आणि मग तुमच्या खणखणीत आवाजात, माळ्यावरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं विचारा:

"यांचं स्टूल कुठे आहे?"